लोणारातला दुसरा खड्डा

आमच्या लोणारात दोन खड्डे आहेत. पहिला आकाशातून दगड पडून झालेला. तो पाहायला लांबलांबून लोक येतात, काठावर उभे राहून फोटो काढतात, पाण्याचा वास आला की नाकाला रुमाल लावतात आणि जेवायच्या वेळेला परत जातात. दुसरा मंठ्याच्या रस्त्याला, कय्यूम मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी खणलेला, छातीभर खोल, एक गाडी वर उभी राहील एवढा लांब, उतरायला पाच पायऱ्या. तो पाहायला कोणी येत नाही. पण पहिल्या खड्ड्यानं गावाला काय दिलं ते अजून ठरायचं आहे. दुसऱ्यानं चाळीस वर्षं गावाच्या गाड्या चालत्या ठेवल्या.

मी इंद्रभान. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. निवृत्त शिक्षकाला गावात दोन कामं असतात: सत्कार घेणं आणि भाषण करणं. माझ्या भाषणाचा विषय ठरलेला आहे, अंधश्रद्धा. लिंबू-मिरची, करणी, काळी मांजर, अमावास्या. अमावास्या म्हणजे चंद्राची उजेडाची बाजू आपल्याकडे नसणं, बाकी सगळा अडाणीपणा, हे मी या तालुक्यात इतक्यांदा सांगितलंय की पोरं पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणतात.

माझी गाडी मी घेतली तेव्हाही जुनीच होती. कोणत्या कंपनीची ते विचारू नका. म्हातारपणाचा दोष माहेरच्यांना लावू नये. वीस वर्षांपूर्वी ती तेल प्यायला लागली, तेव्हा कय्यूमभाई म्हणाले, "सर, रिंगा घासल्या. इंजिनकाम कराचं तवा करू, तोवर महिन्याले एक पेला ऑइल टाकत जा."

महिन्यातून एकदा म्हणजे कधी? मी अमावास्या धरली. लक्षात राहायला सोपी म्हणून, दुसरं काही कारण नाही. आमच्या वडिलांच्या बैलांना अमावास्येला सुट्टी असायची आणि त्या दिवशी वडील बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे, चाकाला कुंकवाचं बोट लावायचे. मीही पहाटे उठून देवघरातला पितळी पेला ऑइलनं भरून इंजिनात ओततो. पेल्याला आणि बॉनेटला कुंकवाचं बोट लावतो, तेही तारीख लक्षात राहावी म्हणूनच. एक उदबत्ती लावतो. आमच्याकडे डास फार आहेत.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी कय्यूमभाईंनी इंजिनकाम केलं. रिंगा नव्या, सील नव्या, सगळं नवं. पूर्वी असलं काम ते तीन दिवसांत उरकायचे, या वेळी नऊ दिवस लागले. किल्ली हातात देताना म्हणाले, "सर, आता हे तेल पीत नाई. पेला बंद करा बरं." मी मान हलवली. चौतीस वर्षं समोरच्या माना हलताना पाहून मला नेमकं कळायचं की यांच्या डोक्यात काही शिरलेलं नाही. स्वतःची मान हलते तेव्हा हे ज्ञान कामाला येत नाही. पुढची अमावास्या आली, पेला भरला गेला. त्यानंतरचीही आली.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला अंगणात रांगोळीशेजारी काळं डबकं दिसलं. आमच्या सौ. कौशल्याबाईंनी गाडीखाली जुनी परात सरकवली आणि म्हणाल्या, "गाडी गळून राह्यली." मी विज्ञानाचा शिक्षक. तेल गळतंय म्हणजे कमी होतंय, कमी होतंय म्हणजे टाकायला हवं, असा शुद्ध तर्क करून पुढच्या अमावास्येला मी एकाऐवजी दोन पेले ओतले.

मग गाव आलं. लोणारच्या माणसाला खाली वाकून पाहायची सवय दगड पडल्यापासूनच असावी. शेजारचे उकंडराव एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षांत गाडीखाली एकदाही गेले नाहीत, डेपोत त्यासाठी वेगळी माणसं असतात. त्यांनी परातीत बोट बुडवून वास घेतला आणि निदान केलं, "चेंबरचं पॅकिंग गेलं." चेंबर म्हणजे इंजिनच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. दूधवाल्यानं सांगितलं, फिल्टर. पोस्टमन म्हणाला, विकून टाका. जो येई तो गुडघे टेकून खाली पाही आणि समाधानानं उठे. बॉनेट उघडून वरून पाहावं असं एकालाही वाटलं नाही. त्यात मीही होतो.

शेवटी आसिफ आला. आसिफ हा कय्यूमभाईंचा मुलगा आणि माझा विद्यार्थी, दहावीला विज्ञानात त्र्याऐंशी. मेहकर रस्त्याला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, गाडी वर उचलणारं यंत्र आहे, गाडीचा आजार सांगणारा कॉम्प्युटर आहे. माझ्या गाडीला तो कॉम्प्युटर लावायला भोकच नव्हतं, म्हणून त्यानं बिचाऱ्यानं बॅटरीचा उजेड पाडून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"सर, मागची सील हाय. इंजिन अन् गिअर जोडतात तिथून येऊन राह्यलं." हात पुसत म्हणाला, "अब्बांनीच बसवली होती ना?"

त्याचं तोंड का उतरलं ते गावाला ठाऊक होतं. साखरेनं कय्यूमभाईंचे डोळे खाल्ले होते. डाव्यानं काही दिसत नव्हतं, उजव्यानं धुकं. पावसाळ्यात ते स्वतःच्याच खड्ड्यात पडले आणि महिनाभर हात गळ्यात बांधून बसले. पोरगा वर्षभर मागे लागला होता, की आता बस करा, घरी बसा. बाप म्हणायचा, मला अंधुक दिसतं, पण माझ्या बोटांना स्वच्छ दिसतं. गेल्या आठवड्यात आसिफनं खड्डा बुजवायला ट्रॉलीभर मुरूम आणून शेजारी टाकला होता. बापानं त्या ढिगाऱ्यावर बसून चहा प्यायला आणि विषय संपवला.

आता माझी गाडी पुरावा म्हणून आली. गुरुवारी सकाळी ती खड्ड्यावर उभी केली. बातमी आमच्या आधी पोचली होती. उकंडराव होते, चहावाला होता, माझे चार-पाच माजी विद्यार्थी होते. त्यांतल्या दोघांनी मागच्याच आठवड्यात शाळेत मला हार घातला होता, भाषणाचा विषय सांगायला नको.

आसिफ बापासमोर उभा राहिला. "अब्बा, सील तुमच्या हातची हाय. आता तरी मानता काय?"

कय्यूमभाईंनी दाढीवरून हात फिरवला. पांढरी दाढी, तिला ऑइलची झाक कायमची. म्हणाले, "सील माह्या हातानं चुकली असन, तर उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर खड्डा बुजव. मी एक शब्द बोलनार नाई. अन् नसन चुकली, तर मी जित्ता हाय तोवर हा विषय काढाचा नाई."

"कबूल," आसिफ म्हणाला. पैजा काय लावतात बापलेक, असं उकंडराव पुटपुटले आणि चांगली जागा धरून बसले.

कय्यूमभाईंचा नियम आहे, आधी आंघोळ मग नाडी. बाकीचे मिस्त्री आधी पाना लावतात आणि मग विचार करतात. हे आधी इंजिनचं पोट रॉकेलच्या फडक्यानं लख्ख पुसतात, वाळू देतात, त्यावर अंगाला लावायची साधी पावडर उडवतात आणि इंजिन चालू करून गप्प बसतात. तेल निघेल तिथली पावडर भिजते. "जिथून टपकते तिथं दुखणं नसते, सर," ते नेहमी सांगतात. "तेल वरतून निघते, सरकत सरकत येते अन् सोयीच्या जागी टपकते. मानसावानी." एरवी ओली पावडर ते डोळ्यांनी शोधत. आता बोटानं शोधत होते. पायऱ्या पायानं चाचपत उतरले, हात वर करून इंजिनच्या पोटावरून इतक्या हळू फिरवला की पावडर विस्कटली नाही. पुढं कोरडं. बाजूला कोरडं. मागं सीलजवळ बोट थांबलं. त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.

"मागूनच हाय," ते खालून म्हणाले. आसिफनं मान खाली घातली. जिंकलेल्या माणसाची मान अशी नसते.

पण कय्यूमभाई वर आले ते थेट बॉनेटकडे. ऑइल मोजायची पट्टी उपसली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा उपसली. पट्टीवर दोन खाचा असतात, तेल त्यांच्या मध्ये हवं. त्यांनी अंगठ्याचं नख खालून वर सरकवत नेलं. पहिली खाच गेली, दुसरी गेली, नख वरच जात राहिलं. चार बोटं वर. तिथं पट्टी कोरडी लागली, ते थांबले. धुक्यातले ते डोळे बरोबर माझ्याकडे वळले.

"सर, इंजिनकाम झाल्यापासून कोणी ऑइल टाकलं काय वरतून?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. पिणं बंद झालेल्या इंजिनात मी महिन्यामागून महिना तेल ओतत होतो. पोट भरून वर आलं, आणि दाबानं बिचारी सील वाट देणारच. सील शहाणी होती. माझे विद्यार्थी माझ्याकडे पाहत होते. त्यांतल्या एकाच्या खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये माझं भाषण.

"नाही," मी म्हणालो. "मी कशाला टाकेन?"

चौतीस वर्षं सत्य, प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष. मोडायला एक शब्द लागला.

कय्यूमभाईंनी पट्टी फडक्यानं स्वच्छ पुसली, नीट पुसली, आणि जागेवर खोचली. आसिफनं पाहायला हात पुढे केला होता, त्यानं तो मागे घेतला. सर नाही म्हणाले म्हणजे नाही.

"ऑइल बराबर हाय," कय्यूमभाई म्हणाले. "सील माह्याच हातची. माहीच चुकली." पेटीवर पान्यांची लोखंडी कडी होती, ती त्यांनी मुलाच्या हातात दिली. आसिफ म्हणाला, "अब्बा, बैठो जरा." ते बसले नाहीत. हात धुवायला आत गेले.

मी घरी पायी आलो. कौशल्याबाईंनी वाढलं. वरण, भात, लिंबाची फोड. मी सगळी हकीकत सांगितली, माझ्या बाजूनं सांगितली, म्हणजे माझं 'नाही' हे उत्तर जरा भरभर उरकलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "वीस वर्षापासून दर अवसेले तो पेला घासून कोन ठेवते? आपोआप चकचकते काय?"

मी त्यांना वीस वर्षं चतुर्थीच्या उपासावरून टोमणे मारले होते. त्यांनी पेल्यावरून एकदाही मारला नव्हता.

"तुमची शोभा होते म्हनून मी बोलली नाई कदी," त्या म्हणाल्या. "पन त्या मानसाचे डोये गेले, आता हात बी तुमी नेले. अन् इथं बसून वरनात लिंबू पिळून राह्यले. लाज वाटू द्या जराशी."

लाज वाटत होती. पण नुसती ताटावर बसून ती उपयोगाची नव्हती. मी उठलो, देवघरातून पेला घेतला. त्याला कार्तिकी अमावास्येचं कुंकू तसंच होतं. अर्धा भरलेला ऑइलचा डबा दुसऱ्या हातात घेतला. पिशवीत घालावं असं वाटलं, मग नाही घातलं. आमच्या घरापासून मंठ्याच्या रस्त्यापर्यंत सगळा बाजार लागतो. दुपारची वेळ, लोक रिकामे. "सर, हे काय?" असं तिघांनी विचारलं. तिघांनाही मी सांगितलं, "नैवेद्य." तिघेही हसले आणि मागे आले.

आसिफ खड्ड्याजवळ उभा राहून मुरूम पाहत होता. कय्यूमभाई त्याच ढिगाऱ्यावर बसले होते. हात मांडीवर पालथे. त्या हातांना काम नाही असं मी पहिल्यांदा पाहत होतो आणि मला ते पाहवेना.

मी पेला आसिफच्या समोर धरला. "आसिफ, इंजिनकाम झाल्यापासून दर अमावास्येला यातून तेल ओतलंय. मी. तुझे अब्बा पेला बंद करा म्हणाले होते तरी. मघाशी खोटं बोललो. पट्टी काढून बघ."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्र्याऐंशी गुण मिळवलेला पोरगा, चूक कुठली ते त्याला लगेच कळलं, कोणाची ते पटायला वेळ लागला. त्यानं पट्टी काढली, पुसली, घातली, काढली, उन्हात धरली. तेल खाचेच्या चार बोटं वर चमकत होतं.

"अमावास्येले?" मागून कोणीतरी विचारलं. "सर, तुमी?" मग जे हसू फुटलं ते फुटलं. उकंडराव तर डोळे पुसत होते. चहावाल्यानं उदबत्तीही असते का म्हणून विचारलं. मी म्हणालो, असते. एकदा सुरुवात केल्यावर कंजुषी कशाला.

आसिफ हसला नाही. तो बापाकडे वळला. "अब्बा, तुमाले पट्टीवरच समजलं होतं?"

"हाव."

"मंग काऊन नाई बोलले?"

कय्यूमभाईंनी उत्तर मला दिलं. "सर, हा घरी माहं ऐकत नव्हता, तवा तुमचं ऐके. तुमी शिकवलं म्हनून लायनीले लागला. त्याच्यासमोर तुमाले लबाड कसा म्हनू मी?"

कोणी मारलं असतं तर बरं झालं असतं. मी ढिगाऱ्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि माफ करा म्हणालो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. पायजम्यावर पाच बोटं उमटली, ती अजून गेलेली नाहीत. कौशल्याबाई म्हणतात, राहू द्या.

आसिफनं पान्यांची कडी बापाच्या मांडीवर ठेवली. "हा मुरूम मी गॅरेजसमोरच्या चिखलात टाकतो," एवढंच म्हणाला.

जास्तीचं तेल काढायचं होतं. कय्यूमभाई उठले, पायानं पहिली पायरी शोधू लागले. आसिफ त्यांच्या आधी खड्ड्यात उतरला. यंत्रावर गाडी उचलणारा पोरगा, कॉलेज सुटल्यापासून या खड्ड्यात उतरला नव्हता. त्यानं खालून हात वर केला आणि प्रत्येक पायरीवर बापाचं पाऊल धरून नीट टेकवलं. बापानं पाऊल धरू दिलं. बोलला असता तर भांडण झालं असतं.

"सर, पेला द्या खाली," कय्यूमभाई ओरडले. "ज्यानं टाकलं त्यानंच काढाचं."

चेंबरचा बोल्ट काढायचा, पेला भरला की भोकावर अंगठा दाबायचा, भरलेला पेला वर द्यायचा, मी तो डब्यात रिकामा करायचा, असं सुरू झालं.

"हा कोनता, सर?" पहिला पेला वर आला.

"कार्तिकातला." लोक हसले. तो दोनदा सांगावा लागला, कारण त्या महिन्यात दोन होते.

"अन् हा?"

"दिवाळीचा." पुन्हा हशा. सर्वपित्रीच्या पेल्याला उकंडरावांनी हात जोडले. मग पोळ्याचा आला. तो डब्यात ओतताना मला वडील आठवले, आसाखाली वाकलेले, वंगणाचे हात बैलाच्या पाठीला पुसणारे. त्यांची गाडी कधी गळली नाही. त्यांना किती घालायचं ते माहीत होतं.

खाली आसिफनं बॅटरी पेटवली. तिचा उजेड इंजिनच्या पोटावर आणि कय्यूमभाईंच्या अंगठ्यावर पडला.

"बॅटरी कोनासाठी पेटवली बे?" त्यांनी विचारलं. "मले त तिनं काहीच दिसत नाई."

धुकं आहे, अंधुक आहे, बोटांना दिसतं, असं सगळं ते वर्षभर म्हणत होते. हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, आणि खड्ड्यातून सांगितलं.

"मले दिसते, अब्बा," आसिफ म्हणाला. "तुमी बोट ठेवा. मी पाहतो."

थोड्या वेळानं पेला पुन्हा वर आला. मी तो रिकामा केला आणि न विचारताच अमावास्या सांगितली, पण या वेळी कोणी हसलं नाही.